अंजीर बाउलला एक संघ कमी

"सूर्य पूर्वेला उगवतोय तोवर हार्लन स्प्रिंग्समध्ये अंजीर बाउल होणारच! वादळं आली, राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, एका वर्षी तर स्टेडियमचं छप्पर उडून शेजारच्या चर्चवर जाऊन बसलं. अंजीर बाउल एकाहत्तर वर्षांत चुकला नाही, चुकणार नाही!"

आमचे अध्यक्ष लॅमर हॅटक्लिफ यांनी उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा डिसेंबरातल्या पहिल्या रविवारचे दुपारचे सव्वाचार वाजले होते आणि कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलच्या या सामन्याला लागणाऱ्या दोन संघांपैकी आमच्याकडे एक होता. घोषणेच्या जोरात त्यांच्या कोटाचं मधलं बटण तुटलं आणि मुरंब्याच्या बरणीवर टणकन आपटलं. बरणी माझी. समितीत मुरंबा खातं माझ्याकडे असतं.

कोट अर्थातच अंजिरी रंगाचा. समितीच्या माणसाने तो घातल्याशिवाय कुठल्याही कॉलेजला आमंत्रण द्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. पूर्वी आम्ही कोट घालून, मुरंब्याची बरणी घेऊन स्वतः जायचो आणि कॉलेजवाले बँड लावून आमचं स्वागत करायचे. आता आमंत्रण फोनवर जातं. तरी लॅमर कोट घालतात. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, कोट शिवला तेव्हा पन्नाशीचा. मधल्या काळात कोट काही वाढला नाही.

पाच वाजेपर्यंत दुसऱ्या संघाचं नाव कॉलेज फुटबॉलच्या मंडळाला कळवायचं होतं. नाही कळवलं तर अंजीर बाउल यादीतून बाद. यंदापुरता नव्हे, कायमचा. शेजारच्या राज्यातला भोपळा बाउल असाच तीन वर्षांपूर्वी गेला. आता त्यांच्या स्टेडियममध्ये जुन्या गाड्या विकतात. आमची टीव्हीवरची सव्वीस डिसेंबरची सकाळ तर कोणाला द्यायची तेही ठरून गेलं होतं: फळीच्या भोकात मक्याच्या पिशव्या टाकायची राष्ट्रीय स्पर्धा.

"लॅमर, खाली बसा," आमच्या सेक्रेटरी व्हर्लीन प्रुइटबाई म्हणाल्या. रिसीव्हर त्यांच्या खांद्यात अडकलेला होता. "सूर्याचं नंतर बघू. सातवं कॉलेजही नाही म्हणालं."

"कारण?"

"बाद फेरीच्या बारा संघांत आलो नाही, म्हणून मन उदास आहे म्हणे."

"उदास! आमच्या वेळी उदास व्हायला कॉलेजची परवानगी लागायची."

पूर्वी असं नव्हतं. हंगामात सहा सामने जिंकलेला संघ बाउलचं आमंत्रण आलं की आनंदाने नाचायचा. आता बाद फेरी आली आणि तिच्यात नसलेल्या प्रत्येकाला आपण मेलोच असं वाटायला लागलं. त्यात हंगाम संपला रे संपला की अर्धे खेळाडू दुसऱ्या कॉलेजात बदलीसाठी अर्ज टाकतात. आमच्याकडे होता तो संघ, ईस्ट ओझार्क, शुक्रवारीच हो म्हणाला होता. बाईंच्या मते त्यांनी फोनवर नीट ऐकलेलं नसावं.

चार वाजून बत्तीस मिनिटांनी वॉबॅश स्टेट कॉलेजकडून फोन आला. बाईंनी स्पीकर लावला.

"मी हंगामी मुख्य प्रशिक्षक बोझमन," पलीकडून एक घाबरा आवाज आला. "आमचे मुख्य प्रशिक्षक शुक्रवारी मोठ्या कॉलेजात गेले. विमान पाठवलं होतं त्यांना."

"आणि तुम्ही आधी काय होतात?" लॅमरनी विचारलं.

"खेळाडूंचे पाय ताणून द्यायचो."

लॅमरनी डोळे मिटून घेतले. कोटाचं दुसरं बटण धरून ठेवलं.

बोझमनने सांगितलं ते असं. संघातले एक्केचाळीस खेळाडू उरलेत. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा, बदलीच्या यादीत, त्याच्या जागचा बदलीच्या यादीत, तिसरा आहे पण त्याचा अंगठा सुजलाय. खेळायचं की नाही, हे आता प्रशिक्षक ठरवत नाहीत, पोरं मत देतात. पोरं समोरच बसलीयत, फोन त्यांनाही ऐकू येतोय.

"मग घ्या की मत!" मी म्हणालो. मुरंबा खात्याला बोलायचा अधिकार नाही, पण घड्याळ माझ्या समोर होतं.

"त्यांना आधी विचारायचंय, भेट काय मिळणार."

बाउलला आलेल्या प्रत्येक खेळाडूला भेट द्यायची, ही जुनी रीत. मोठे बाउल घड्याळं देतात, गाणी ऐकायला कानाला लावायची यंत्रं देतात, एकाने तर आरामखुर्च्या दिल्या. आम्ही बाईंकडे पाहिलं. बाईंनी लॅमरकडे.

"घडीची खुर्ची," लॅमर ताठ आवाजात म्हणाले. "अंजिरी कापडाची. आणि मुरंबा."

पलीकडे कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. खुर्चीला कप ठेवायची जागा मात्र नव्हती. तशी खुर्चीही मिळत होती, पण खेळाडूने बसावं, चैन करू नये, असं लॅमरनी सप्टेंबरातच बैठकीत ठरवून टाकलं होतं.

हात वर झाले. चार पंचेचाळीसला बोझमनने आकडा सांगितला: वीस हो, वीस नाही.

"एक्केचाळीस म्हणालात ना?" बाई ओरडल्या. "एक कुठे गेला?"

"आमचा पंटर. अँगस ट्रेगेन्झा. तो कपडे धुवायला गेलाय."

पंटर म्हणजे चेंडू लांब लाथाडणारा. हे लोक अलीकडे ऑस्ट्रेलियातून आणतात. ट्रेगेन्झा सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, एक मुलगी. त्याला फोनवर घेईपर्यंत नऊ मिनिटं गेली. त्या नऊ मिनिटांत लॅमरनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या एका फोटोकडे पाहत राहिले. एकोणीसशे सदुसष्टचा अंजीर बाउल, मागच्या रांगेत डावीकडून चौथा, हेल्मेट काखेत धरलेला पोरगा: तेच. बाईंनी हळूच त्यांच्या समोर पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी तो घेतला नाही.

चार वाजून चोपन्न मिनिटांनी फोनमधून धुलाई यंत्रांची घरघर आली.

"कोण बोलतंय?"

"अंजीर बाउलचा अध्यक्ष. तुझ्या एका मतावर अडलंय बघ, बाबा."

"आजोबा, एक विचारू का? वाईट वाटून घेऊ नका. हा सामना जिंकला तर जिंकणाऱ्याला काय मिळतं?"

बाईंनी हातवारे करून 'करंडक! परंपरा! टीव्ही!' असं सुचवलं. लॅमरनी त्यांना हाताने थांबवलं.

"काही नाही," ते म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारला.

"काही म्हणजे काही नाही," लॅमर पुढे बोलायला लागले. "चॅम्पियन तिकडे ठरणार, त्या बारा जणांत. मी सदुसष्ट साली खेळलो इथे. वर्षभर बाकावर होतो, शेवटच्या मिनिटाला आत घेतलं, कारण आमच्या एकाला उलटी झाली. मी एका माणसाला अडवलं. एकालाच. आम्ही नऊ-सातने जिंकलो. दुसऱ्या दिवशी घरी गेलो, तर आमच्या वडिलांनी विचारलं, कोंबड्यांना दाणे टाकलेस का. काही बदललं नव्हतं."

यंत्रं घरघरत होती.

"पण त्या बारा संघांतले अकरा जण शेवटचा सामना हरून घरी जाणार, अँगस. उन्हाळाभर तेच डोक्यात घेऊन फिरणार. इथे दोन संघ येतात आणि त्यातला एक जिंकून घरी जातो. निम्मे! दुनियेत दुसरीकडे कुठे निम्मे जिंकतात रे? मी अजून त्या एका माणसाला अडवतोच आहे रोज."

मी बरणीवरची चिठ्ठी नखाने खरवडत होतो. चार अठ्ठावन्न.

"माझी शेवटची मॅच आहे ती," ट्रेगेन्झा म्हणाला. "यानंतर घरी. तिकडे सासऱ्यांचं गॅरेज आहे." मग एक यंत्र थांबल्याची शिट्टी वाजली. "हो. माझं मत हो."

बाईंनी मंडळाला नाव पाठवायचं बटण दाबलं. चार एकोणसाठला मंडळाचं उत्तर आलं: दोन संघ मिळाले, अंजीर बाउल यादीत कायम. बाईंनी लॅमरच्या टकलाचा मुका घेतला. मी बरणी फोडली, म्हणजे उघडली. लॅमर उभे राहिले, दुसरं बटणही गेलं, आणि ते काहीतरी फार मोठं बोलणार एवढ्यात फोन वाजला.

पाच वाजून चार मिनिटं. फोनच्या पट्टीवर ट्रेगेन्झाचा नंबर.

कोणी उचलेना. मत फिरवलं असेल तर? मंडळ नाव पाच वाजून चार मिनिटांनीही खोडू शकतं. शेवटी लॅमरनीच उचलला.

"बोल, अँगस. जे असेल ते सांग."

"आजोबा, पोरांनी खुर्चीचं सांगितलं आत्ता. एक विनंती होती. बायको येणार आहे मॅचला, मुलगी मांडीवर असणार, तिचे दोन्ही हात गुंतलेले. तेवढी एक खुर्ची कप ठेवायची जागा असलेली द्याल का?"