चुकीच्या खिडकीतली प्रार्थना

चौतीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला. माझ्या हाताखालून गेलेली पोरं पुढे कुठे पोचली ते मला माहीत नाही, पण कीबोर्डकडे बघून टाइप करणारं त्यांत एकही सापडणार नाही. खाली बघितलं की बोटांवर पट्टी. क्लास बंद केल्यावर माझ्या सुनेने महिनाभर घरात माझ्या सूचना ऐकून घेतल्या. मग एक दिवस म्हणाली, "आई, आमच्या चुका काढण्यात तुमचा वेळ जातो, पण आमचा जीव जातो. चर्चच्या चॅटवर माणसं हवी आहेत. तुमच्याइतकं भराभर टाइप करणारं तिथे कुणी नाही." गोड बोलून मला घराबाहेर काढलं तिने, आणि बरंच केलं.

तर आता दर शनिवारी सकाळी मी चर्चमागच्या हॉलमध्ये बसते. पाच घडीची टेबलं, पाच लॅपटॉप, आणि सगळ्यांच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात कोंबलेल्या. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, एक जाहिरात मोबाइलवर फिरते, 'बोलायला कुणी नाही? आम्ही आहोत.' ती दाबली की तरुण मुलंमुली थेट आमच्या पडद्यावर येतात. त्यांनी टोपणनाव घ्यायचं. आम्ही सगळेच 'सोबती'. उपदेश झाडायचा नाही, आधी ऐकायचं, प्रार्थना विचारल्याशिवाय करायची नाही. आमची गटप्रमुख पेशाने दंतवैद्य आहे, आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणतो. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये, यावर तिचा फार कटाक्ष.

बाकीचे सोबती एका वेळी एकाशी बोलतात. मला मात्र दोन खिडक्या दिल्या होत्या. त्यामुळे माझ्या डोक्यात हवा गेली होती, उगाच खोटं कशाला बोलू?

त्या शनिवारी डावीकडच्या खिडकीत 'ठिणगी' होती. एकोणीस वर्षांची, वायरिंगचा कोर्स करणारी. अकरा वाजता तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि ती संस्थेच्या बाथरूममध्ये कडी लावून बसली होती.

"पहिल्या वेळी परीक्षकांनी स्विच दाबला आणि माझ्या बोर्डाचा फटाका झाला," तिने लिहिलं. "मी टेस्टर टाकून पळाले. तेव्हापासून सगळे ठिणगी म्हणतात. दुसऱ्या वेळी दारातूनच परत आले. आज शेवटची संधी. आज नाही गेले तर नाव कट. बाबा म्हणालेत, मग मामाच्या दुकानात कापडांच्या घड्या घालायच्या."

"तुला काय करायचंय?"

"वायरमन व्हायचंय हो! पण पाय उचलत नाहीये."

उजवीकडच्या खिडकीत 'बारा नंबर'. फुटबॉलच्या टीमचा राखीव गोलकीपर. मुख्य गोलकीपरचं बोट मोडलं म्हणून आज पहिल्यांदाच मैदानात उतरणार होता. टीमच्या बसमधून त्याचे मेसेज फटाफट येत होते. सोबती, गोल खाल्ले तर? सोबती, प्रार्थना करता का? त्याच्या खिडकीत मी "थांब रे, आलेच" असं लिहिलं आणि मान डावीकडे वळवली.

ठिणगीने लिहिलं होतं, "मी चर्चला वगैरे जात नाही. पण माझ्यासाठी प्रार्थना केलीत तर चालेल."

मला एकदम भरून आलं. मी लहानपणापासून प्रार्थना म्हटलं की डोळे मिटते. त्या दिवशीही मिटले. बोटांना डोळ्यांची गरज कुठे होती? मी धडाधड लिहीत गेले. हे स्वर्गीय पित्या, ही लेक बाथरूममध्ये कडी लावून बसली आहे. तिला ठिणगीची भीती वाटते आणि स्वतःचीही. अकरा वाजता तिचा नंबर पुकारतील तेव्हा तू तिच्या अगदी शेजारी उभा राहा. ती पळून गेली होती म्हणून तिला टाकू नकोस. येशूच्या नावाने, आमेन. एंटर दाबलं आणि डोळे उघडले.

उत्तर उजवीकडून आलं.

"सोबती, मी बाथरूममध्ये नाही, बसमध्ये आहे. आणि लेक नाही, गोलकीपर आहे."

कर्सर उजवीकडेच राहिला होता. डावीकडे ठिणगी विचारत होती, "आहात ना? सोबती? तुम्हीपण गेलात?"

मी घाईघाईने बारा नंबरला लिहिलं, "बाळा, हे तुझ्यासाठी नव्हतं. माझी चूक. कुणाला दाखवू नकोस."

"उशीर झाला. मित्रांनी विचारलं काय आलंय, तर मोठ्याने वाचून दाखवलं."

आता सांगते ते लाज सोडून सांगते. डॉक्टरीणबाई पार टोकाच्या टेबलाशी होती. तीच प्रार्थना उचलून डावीकडे चिकटवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना लाल गोल काढले; स्वतःच्या चुकीला गोल काढायची वेळ कधी आलीच नव्हती. पण ज्या पोरीला खरेपणाने उभं राहा म्हणून सांगायचं, तिच्याशीच लपवाछपवी? मी वर्गातल्या पोरीसारखा हात वर केला. "डॉक्टरीणबाई, माझ्याकडून घोळ झालाय."

तिने वाकून दोन्ही खिडक्या वाचल्या. तिचा चेहरा उतरला. "आधी तिला सांगा, बाई. सगळं खरं सांगा. माझं नंतर."

मी सांगितलं. प्रार्थना पाठवली, आणि ती आधी कुठे गेली होती तेही.

"म्हणजे तुम्ही माझं गावभर केलंत," ठिणगीने लिहिलं. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला.

दहा सेहेचाळीस. दहा पन्नास. काही नाही. उजवीकडे मात्र मेसेजचा पाऊस. "सोबती, बसमध्ये सगळे गप्प झालेत." "कोच म्हणाले, मॅचचं नंतर बघू, आधी त्या मुलीचं." "अर्ध्या जणांना प्रार्थना येत नाही, ते नुसते डोकं खाली घालून बसलेत." "ड्रायव्हरकाकांनी बस कडेला घेतली!"

दहा त्रेपन्नला हिरवा ठिपका परत आला. मी खुर्चीत ताठ झाले.

"त्या बसमध्ये किती जण आहेत?"

मी बारा नंबरला विचारलं. "सतरा," मी तिला लिहिलं. "ड्रायव्हर धरून अठरा. त्याने बस थांबवलीय."

"त्यांची मॅच आहे ना?"

"साडेअकराला."

"वेड लागलंय का त्यांना?"

"लागलेलंच दिसतंय."

"माझं नाव माहीत नाही. मग काय म्हणून प्रार्थना करतायत?"

हेही विचारावं लागलं. "बाथरूममधली ताई म्हणून," मी लिहिलं.

"शी!!!" आणि त्यापाठोपाठ तीन हसरे चेहरे. मग, "मला वाटायचं मी पळाले की सगळे हसतात. हे अठरा जण हसले नाहीत?"

"एकही नाही."

"नंबर पुकारतायत. कडी काढली. जाते."

त्यानंतरचा दीड तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. डॉक्टरीणबाईने माझी दुसरी खिडकी काढून घेतली नाही, पण पुढच्या शनिवारपासून एकच, असं ठणकावून सांगितलं. मी 'बरं' म्हटलं. बाराच्या पुढे बारा नंबर उगवला. "हाफटाइम. तीन गोल खाल्ले. ताईचं काय झालं?" मी कळवलं, अजून काही नाही. "कळवा हां, सगळे विचारतायत," म्हणून तो पुन्हा पळाला.

साडेबाराला डावीकडे ठिपका हिरवा झाला.

"सोबती."

"बोल गं बाई, लवकर बोल!"

"बोर्ड पूर्ण केला. परीक्षकांनी स्विच दाबला. फट्. फ्यूज उडाला."

माझा हात तोंडावर गेला. डॉक्टरीणबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"सगळे वळून बघायला लागले. मी दाराकडे बघितलं. दार सताड उघडं होतं."

ती लिहीत होती, थांबत होती, पुन्हा लिहीत होती. मी पडद्याला नाक लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"मग मेन बंद केला. एक तार भलतीकडेच जोडली होती, ती सापडली. त्यांना म्हटलं, सर, चूक माझीच आहे, वेळ शिल्लक आहे, मी नीट करते. तार सोडवून जोडली, नवा फ्यूज टाकला. बल्ब लागला!"

मी अशी काही ओरडले की हॉलमधल्या चारही सोबत्यांची बोटं थबकली. डॉक्टरीणबाईने मला मागून मिठीच मारली. मी रडत होते आणि हसतही होते.

"पास झालीस?" मी कसंबसं लिहिलं.

"निकाल तीन आठवड्यांनी. ते जाऊ द्या. सोबती, मी पळाले नाही."

पुढच्या ओळीत तिने तेच पुन्हा लिहिलं, मी पळाले नाही. आणि मग आणखी एकदा.