निसटलेली आच

बुचात रोवलेल्या सुईवर शेंगदाणा टोचून निवृत्त मास्तरांनी काडी ओढली. दाण्याने जरा नखरे केले, मग पेटला. लगेच त्यांनी तो पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्याखाली सरकवला. वरच्या मजल्यावरची मुलगी डब्यातल्या थर्मामीटरला डोळे लावून बसली होती. तिचा हात मात्र बशीतल्या दाण्यांकडे चालला होता.

“खारूताई, सगळं सामान फस्त केलंस तर मोजायचं काय?”

“पोटात जळतंयच की, आजोबा! फक्त तिथे थर्मामीटर नाही.”

मास्तर खो खो हसले. हसण्याची सवय मोडली होती, ठसकाच लागला.

दाणा कोळसा होऊन विझला. पाणी किती तापलं यावरून मुलीने हिशेब मांडला, दाण्यांच्या पुडक्यावर छापलेल्या ऊर्जेच्या आकड्याशी ताडून पाहिला आणि तिचं तोंड उतरलं.

“निम्मीपण ऊर्जा भरली नाही. बाकीची गेली कुठे? परवा वर्गात दाखवायचंय.”

कुठे गेली ते मास्तरांना ठाऊक होतं. आच डब्याला कमी आणि खोलीलाच जास्त लागत होती. ज्योतीला आडोसा होईल असा अॅल्युमिनियमचा कागद डब्याभोवती गुंडाळला की झालं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण आजच जमलं, तर उद्या ही कशाला येणार?

“आज राहू दे,” खिडकीकडे बघत ते म्हणाले. “उद्या बघू.”

“बरं.”

तिने चपला घातल्या. एरवी जिना धडाधडा चढणारी ती आज एकेक पायरी चढत होती. मास्तर डबा पुसत ऐकत राहिले. मग फडकं टाकून डबा हातात घेऊन ते दाराशी आले.

“अगं ए, ऐक! उष्णता बाजूने निसटते. भोवती अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळ. सगळी नाही अडणार, पण आकडा वर चढेल. हा डबा ने, घरीच होईल तुझं.”

ती खाली आली. डबा छातीशी धरून पायरीवरच उभी राहिली.

“घरी नाही होणार.”

“का गं? सोपं तर आहे.”

“मोठं कोणी नसताना काडी ओढायची नाही. आई रात्री येते.”

“आणि तोवर?”

“तोवर काय, मी असते.”

मास्तरांनी दार पुरतं उघडलं.

“कागद वरच्या फळीवर आहे,” ते म्हणाले. “माझा हात आता पोचत नाही. मी स्टूल धरतो, तू चढ.”