खडकावर राखण

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या अख्ख्या वरूडला माहीत आहे. माझ्या सासूबाईंना, इंदूबाईंना, सगळ्यात जास्त.

संत्र्याची तोड आटोपली आणि गल्लीतले आम्ही चौदा जण कोकणात गेलो. होडीतून डॉल्फिन बघायचे होते. आईंचे गुडघे गेलेले, होडीत चढणं त्यांना जमेना. मी त्यांना किनाऱ्याच्या टोकाला एका चपट्या खडकावर बसवलं. सगळ्यांच्या पिशव्या-चपला त्यांच्याभोवती रचल्या. सामान राखायला कोणीतरी लागतंच.

"इथं पानी तं नाही येत ना?" त्यांनी विचारलं.

"आभाळात ढग नाही, आई. पानी कुठून येते? आमी येतपर्यंत हालू नका."

आमच्या नदीला पाऊस पडला तरच पूर येतो. समुद्र म्हणजे तरी काय, पाणीच, असं मला वाटलं.

डॉल्फिन दिसले. काळ्या पाठी वर यायच्या, चकाकायच्या, बुडायच्या. गजेंद्र, माझा नवरा, म्हणाला की आता परतू, आई एकटी आहे. पण माझ्या फोनमध्ये एकही फोटो धड आला नव्हता. मीच नावाड्याला आणखी एक फेरी मारायला लावली.

परतलो तेव्हा वाळू नव्हतीच. आई कमरेपर्यंत पाण्यात बसलेल्या, प्रत्येक लाटेला दिसेनाशा होत होत्या. खडकांमुळे होडी जवळ जाईना. गजेंद्र ओरडत होता. मी हात जोडून मनात म्हणत राहिले, मला घे, पण त्यांना सोड.

नावाड्याने कमरेला दोरी बांधून उडी मारली. दोन लाटांनी त्याला मागे फेकलं. तिसऱ्या खेपेला त्याने आईंना धरलं.

किनाऱ्यावरच्या कोळणी मलाच रागावल्या. गुडघाभर पाणी होतं तेव्हापासून त्या हाका मारत होत्या, त्यातली एक तर हात धरून ओढायलाही गेली होती. म्हातारी उठायलाच तयार नव्हती.

आईंचे ओठ निळे पडले होते. पिशव्यांचे बंद त्यांनी दोन्ही मनगटांना गुंडाळले होते, ते मला सुटता सुटेनात.

"काहून नाही उठल्या, आई?"

"तूच तं हालू नका म्हनलं," त्या कापत म्हणाल्या. "एक चप्पल वाहून गेली. चिडू नको, बाई."