देवदूताचा आवाज फुटला त्या वर्षी

पैज तोमासाबाईनं लावली. आमची शेजारीण, चौकात तामाल, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेले पिठाचे गोळे, विकते, चार पोरं वाढवलेली बाई. म्हणाली, "एलादिओ, नाताळच्या नाटकात तुझ्या नाबोरचा आवाज फाटणार." मी म्हटलं, हॅ, माझा पोरगा आहे तो. हरेल त्यानं शिंगं-शेपटी लावून तिच्या गाढवावर उलटं बसायचं आणि बारीक पोरीच्या आवाजात तामाल विकायचे. चौकातली सगळी टवाळ मंडळी साक्षीला.

शिंगं-शेपटी माझ्या घरातच. गावच्या नाटकात सैतान कायम मी, आणि दुधाचे दात पडल्यापासून देवदूत नाबोर. तो लाकडी तलवार उगारून गोड गळ्यानं "चालता हो" म्हणतो, मी लोळतो, गाव टाळ्या पिटतं.

यंदा पोरगा उसासारखा वाढला. नोव्हेंबरात शिवलेले पंख डिसेंबरात काखेत काचायला लागले. ओठावर काजळी. दुपारपर्यंत झोप, रात्रभर टक्क जागा, दार बंद. आवाज बैलासारखा सुरू व्हायचा आणि कोंबडीसारखा संपायचा. म्हणून त्यानं बोलणंच टाकलं. माझ्याशीसुद्धा. मामाच्या टोपीत अंडं लपवायला जो माझा भागीदार, तो आता नुसती मान हलवायचा.

माणूस बदलायची सोय नाही. चर्चमध्ये एकदा नवस बोलला की ते वर्ष ती भूमिका त्याचीच. नाबोरनं आईला सांगितलं, मी आत्याकडे पळून जाईन, पण रंगमंचावर चढणार नाही.

मी त्याचं दार ठोठावायला निघालो तर तोमासाबाईनं अडवलं. "झोपू दे त्याला. त्याच्या अंगात बांधकाम चाललंय, गवंडी रात्रपाळीला आहेत. आणि तू नाताळपर्यंत एकही चेष्टा करायची नाहीस."

मला उपास परवडला असता. पण तोंड शिवून बसलो. दाराशी ताट ठेवायचो, ते चाटूनपुसून परत यायचं.

चोवीस तारखेच्या संध्याकाळी तो आला. मिरचीसारखा लाल. तलवार उगारली, "चालता" म्हणाला आणि आवाज फाटला. अर्धा घंटेत, अर्धा विहिरीत. पुढच्या रांगेत कुणीतरी खिदळलं. तलवार खाली यायला लागली. पोरगा पळणार, हे मला दिसलं.

माझं पडणं अजून तीन वाक्यं लांब होतं. मी तिथंच धाडकन पडलो, कान झाकून ओरडलो, "मेलो रे. छोट्याला मी दरवर्षी झेलायचो, हा मोठा कुठून आणलात?"

गाव हसलं, पण मला. नाबोरनं खाली बघितलं. ओठाचा कोपरा हलला, टोपीतल्या अंड्याच्या वेळी हलायचा तसा. मग त्यानं माझ्या छातीवर पाय दिला, जो नाटकात नव्हता, आणि उरलेलं सगळं येईल त्या आवाजात म्हटलं. जाड, बारीक, पुन्हा जाड. पंखाचा पट्टा तटकन तुटला, तरी थांबला नाही.

शेवटी वाकून कानात म्हणाला, "बाबा, हरलात."

कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. त्यासाठी दहा पैजा हरलो असतो. पण आवाज फाटणार हे बाईनं पैज लावून आधीच डोक्यात घातलं नसतं, तर मीही तिथं नुसता खांबासारखा उभा राहिलो असतो.

नाताळच्या सकाळी, प्रार्थना सुटल्यावर, मी गाढवावर उलटा. शिंगं, शेपटी, वर तोमासाबाईचा एप्रन. "तामाल घ्या, गरम तामाल," बारीक आवाजात ओरडलो आणि दुसऱ्याच हाकेला माझाही फाटला. चौक लोळला. दोरी नाबोरच्या हातात होती, तो पुढून आपल्या नव्या, जाड आवाजात हाका देत होता.

तोमासाबाईसमोरून जाताना मी शिंगं काढून तिच्यापुढं वाकलो.

"वाकणं पुरे," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत वीक."