चाळीस थेंब

रोह्याकडच्या हिरामणने मागच्या शुक्रवारी या विहिरीचं पाणी दोनदा तपासलं. एकदा अठरा थेंब भरले, एकदा सतरा. नमिताच्या कागदावर मात्र चाळीस होते.

शहाण्णवचा मे महिना. बांध फुटल्यामुळे धरमतर खाडीकाठच्या या वाडीची विहीर खारी झाली, असा अर्ज आज चार वाजता पेणच्या तहसिलीत द्यायचा होता. आज चुकला तर पावसाळ्याआधी बांध होणं नाही. नमिता पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पाच गावांतल्या लोकांना पाणी तपासायला तिनेच शिकवलं होतं. बाटलीतलं औषध थेंबथेंब घालायचं, पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. जास्त थेंब म्हणजे जास्त मीठ. दुसऱ्या गावच्या माणसाला तोच आकडा आल्याशिवाय सही करायची नाही, हा नियमही तिचाच. आता तोच तिच्या मानगुटीवर बसला होता.

हिरामण सही करीना. नमिताला त्याचा राग आला, आणि त्याचंच बरोबर आहे याचा जास्त राग आला.

तेवढ्यात पुतळीने विचारलं, शुक्रवारी तिथी कंची होती? ती मिठागरात कामाला. नमिताला पाणी तीच काढून द्यायची. हिरामण म्हणाला, अष्टमी.

"मग कसं जमंल? अष्टमीला भरती बांधापत्तर चढतच नाय. मी उधाणालाच काढते, अवस-पुनवेला. मिठागरात पाणी घ्यायला तवाच येते ना मी हिकडं."

नमिताने कागदावर तारीख लिहिली होती, वेळ लिहिली होती. तिथी लिहायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आज अमावास्या होती. भरती चढून फुटक्या बांधातून पाणी आत येईपर्यंत तिघं विहिरीवर थांबली. मग हिरामणने स्वतः पाणी काढलं. नमिता हात पाठीमागे बांधून उभी राहिली. तीस झाले, पस्तीस झाले, पाणी पिवळंच. एकोणचाळिसाव्या थेंबाला ते विटकरी झालं.

हिरामणने सही केली. पेन मात्र परत दिलं नाही.

"बाई, आमच्या नदीतबी भरती चढते. तितली काठची विहीर तुमी अष्टमीलाच तपासलीत, मी होतो तितं. गोडी म्हणून लिवलंत. माझी बायको राणी दोन महिनं सांगते, मधीच पानी खारं लागतं. मी तिला तुमचा कागद दाखवून गप बसवली."

नमिताने अर्जात तिथी लिहिली, तो तहसिलीत द्यायला पुतळीच्या हाती दिला आणि औषधाची बाटली घेऊन हिरामणबरोबर रोह्याच्या एसटीसाठी निघाली. उधाण उद्याही होतं. थेंब राणीने मोजायचे, असं वाटेतच ठरलं.