मागून बसलेली लाथ

मिरकरवाड्याच्या जेट्टीजवळ त्या रविवारी सकाळी उभं राहायला जागा नव्हती. बर्फाच्या हातगाड्या अडकून पडल्या होत्या, पण कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मधोमध स्टुलावर काशीराम बसला होता आणि समोर लाटेमहाराज मोरपिसं घेऊन उभे होते. महाराजांनी पिसं तीनदा त्याच्या दुखऱ्या टाचेवरून फिरवली आणि हुकूम सोडला, "हलव." काशीरामचं लोंबतं पाऊल खाली गेलं, वर आलं. गर्दीनं हात जोडले.

मी हायस्कुलात शास्त्र शिकवतो आणि काशीरामच्या शेजारी राहतो. ते जोडलेले हात बघून माझं डोकं फिरलं होतं.

काशीराम ट्रॉलरवरचा खलाशी. त्या रविवारच्या पाच आठवडे आधी, चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, त्यानं बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि टाचेमागे फाटकन आवाज झाला. कोणीतरी लाथ घातली असं वाटून तो शिवी हासडत वळला, तर मागे कोणीच नव्हतं. त्याची बायको जनी आणि मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला पालथं निजवलं. चांगल्या पायाची पोटरी दाबली, तसं पाऊल आपोआप झुकलं. दुखऱ्या पायाची दाबली, तर पाऊल जागचं हललं नाही. पोटरीला टाचेशी जोडणारी जाड शीर तुटली आहे, ती लवकर शिवायला हवी, असं त्यांनी सांगितलं.

काशीराम कापाकापीला भ्याला आणि दुसऱ्याच दिवशी महाराजांकडे गेला. हे महाराज मंडणगडाकडून नुकतेच येऊन बंदरावर टेकले होते.

"लाथ बसली तेव्हा मागे कोण होता?" महाराजांनी विचारलं.

"कोणी नव्हता."

"तोच तो. जो नव्हता तोच."

बुडून मेलेल्या खलाशाचा आत्मा पाठीस लागलाय, पाच रविवार मोरपिसांनी झाडा करावा लागेल, पायाला लोखंड लागता कामा नये, म्हणजे डॉक्टरची सुरीही नाही, असा निकाल झाला. मी रोज संध्याकाळी जाऊन काशीरामशी वाद घालत होतो. शीर तुटताना लाथ बसल्यासारखंच वाटतं, असले रोगी हटकून मागे वळून बघतात, असं डॉक्टरांनीच मला सांगितलं होतं. काशीराम एकच म्हणायचा, सूज उतरली ना, गुरुजी? सूज उतरणारच होती. ते मी त्याला पटवू शकलो नाही.

आता पाचव्या रविवारी जनी गर्दीतून पुढे आली.

"म्हाराज, ह्यांना पालथं निजवा. मी पोटरी दाबते."

महाराज नको म्हणेपर्यंत लोकांनीच जाळ्यांच्या ढिगावर काशीरामला निजवलं. जनीनं डॉक्टरांसारखीच आधी चांगली पोटरी दाबली. पाऊल झुकलं. मग दुसरी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही.

महाराज म्हणाले, श्रद्धा कमी पडली.

जनीनं दिराला बोलावलं. "धाकूभावजी, तुम्ही निजा. म्हाराज, भावजी कधी तुमच्या पाया पडले नायत. बघा, त्यांचा पाय कसा झुकतो."

धाकूचं पाऊल झुकलं.

मग मी बोललो. पाऊल खाली न्यायला आतल्या बाजूनं दुसऱ्या बारीक शिरा असतात. स्टुलावर लोंबतं पाऊल त्या हलवतात, अंगाचं वजन मात्र त्या उचलू शकत नाहीत. ते ऐकून काशीराम उठला आणि जवळची भिंत धरून त्या पायाच्या चवड्यावर उठायला गेला. टाच जमिनीवरून सुटली नाही. तो आपल्याच पायाकडे बघत राहिला. तेवढ्यात महाराजांनी पिसं गुंडाळली.

काशीराम शेवटी शस्त्रक्रियेला तयार झाला, पण शिरेची तुटलेली टोकं आता आखडून दूर गेली होती. डॉक्टरांना पोटरीवरच्या आवरणाची पट्टी उलटवून मधली फट भरावी लागली. पाऊल खाली वाकवून प्लास्टर घातलं, दोनदा बदललं. नंतर उंच टाचेची चप्पल, आणि भिंत धरून आधी दोन्ही टाचा उचलणं, मग हळूहळू एक. वेळीच शिवलं असतं तर नारळी पौर्णिमेला तो बोटीवर असता. तो दिवाळीनंतर गेला, आणि ती पोटरी अजून बारीकच आहे.

महाराज दाभोळला गेले. तिथेही गर्दी जमते म्हणतात. मी तिकडच्या ओळखीच्या मास्तरांना पत्र लिहिलंय, उत्तर नाही. म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांसाठी इथे लिहितो. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी तो तपासू द्या म्हणावं. खऱ्या औषधाला तपासणीचं भय नसतं.

जनी चौथीपर्यंत शिकलेली. मी पदवीधर, पाच आठवडे नुसता बोलत राहिलो. तिनं डॉक्टरांचा हात एकदा नीट बघितला, लक्षात ठेवला आणि चारचौघांत करून दाखवलं. एवढंच तर करायचं असतं.