कोणीही नव्हते पक्ष

साहेब, तुम्ही माझ्या मेलेल्या भावाची सही केलीत.

कोणाच्या हातून करून घेतलीत ते मला माहीत नाही. पण तुमच्या चौकशी अहवालाच्या चौथ्या पानावर 'परतीची नोंद' आहे. बँडपथकातल्या पाचही जणांच्या नावापुढे सही, आणि वेळ सहा वाजून दहा मिनिटं. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही चौघं धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून पोटातलं नदीचं पाणी ओकत होतो. पाचवा नदीतच होता. अजून तिथंच आहे. आणि त्याच पानावर, सह्यांच्या खाली, तुमचं वाक्य आहे: 'तराफा सुटला त्या वेळी त्यावर कोणीही नव्हते.'

हे वाक्य मला पाठ आहे. क्लॅरिनेटवर वाजवून दाखवेन इतकं पाठ आहे.

नव्या धक्क्याचं उद्घाटन होतं, तुम्हीच सगळं मांडत होतात. बँड गालिच्यावर नको म्हणालात, आमचे गणवेश विटके होते आणि ते फोटोत येत होते. म्हणून आम्हाला तराफ्यावर चढवलंत. मग तराफा बांधलेला दोर फोटोत यायला लागला. तोही सोडायला लावलात. "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे," हे तुमचे शब्द. मी तुमच्यापासून तीन हातांवर उभा होतो.

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, मोठा ड्रम वाजवायचा. काटकुळा माणूस. ड्रम छातीवर चढवून दोन्ही खांद्यांवरचे पट्टे आवळले की समोरून फक्त टोपी आणि बूट दिसायचे. रस्त्यातली पोरं ओरडायची, "ड्रम चालला, ड्रम चालला!" आमचे बँडमास्तर दर तालमीला विचारायचे, "ड्रमच्या मागं कोण आहे रे?" आणि ड्रमच्या मागून दादा ओरडायचा, "कोणी नाही!" वीस वर्षं हाच विनोद. वीस वर्षं आम्ही त्याला हसायचो. तो तुम्ही सरकारी कागदावर कसा उतरवलात, कुठून ऐकलात, हे मला एकदा विचारायचंच आहे.

ड्रम दुसऱ्या दिवशी सापडला, खाली बंधाऱ्याजवळ तरंगताना. दोन्ही पट्टे जागच्या जागी होते. बकलं लावलेली होती. आत माणूस नव्हता.

आमची तालमीची खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. तिथं कोपऱ्यात तो ड्रम ठेवला. भुतं म्हणे रात्री येतात. आमचं दुपारी चारला यायचं, तालमीच्या वेळेला. मी क्लॅरिनेटचा खालचा सूर लावला की कोपऱ्यातलं कातडं आपोआप गुणगुणायला लागायचं. मास्तर म्हणाले, "सूर जुळला की कातडं थरथरतं, त्यात काय एवढं?" बरोबर आहे. पण मग त्यांनी तो सूर असलेल्या सगळ्या चाली हळूहळू बंद का केल्या? आमचा ट्रम्पेटवाला, ज्याला आम्ही फुगा म्हणतो, ड्रमकडे पाठ करून बसेना. मी घरी जाऊन भांडं घासलं, दार लावलं, खुर्ची सरकवली, तरी कानात दोनच ठोके. धम्, धम्. आणि मग काही नाही.

ठोक्यांचं सांगून ठेवतो, पुढं लागेल. मोठा ड्रम सगळ्यात मागे असतो. वाजवताना त्याचं ओरडणं पुढच्यांना ऐकू येत नाही. म्हणून आमच्या पथकात ठरलेलं आहे: चाल संपत आली की ड्रमचे दोन सुटे ठोके म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तीन म्हणजे बस, थांबा.

अहवालाची नक्कल हातात आली त्या दिवशी वहिनी तालमीच्या खोलीत आली. बसली नाही. कागद ड्रमवर ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, मला भरपाई नको, पुतळा नको, काही नको. मला एवढंच सांगा, कोणी विचारलं तर काय म्हणू? माझे यजमान ड्रम वाजवतात की वाजवायचे? ते आहेत, की होते? शाळेत मुलीच्या फॉर्मवर दोन महिने वडिलांचा रकाना कोरा ठेवलाय मी. बाई रोज विचारतात."

फुग्याने कागद उचलून वाचला. "आहेत पण नाही, होते पण नाही," तो म्हणाला. "सरळ नव्हतेच करून टाकलंय. कोणीही नव्हते."

"पक्षाचं नाव वाटतं," मास्तर म्हणाले. ते वैतागून म्हणाले होते. पण मी मान वर केली, कारण पुढच्या महिन्यात नगरपालिकेची निवडणूक होती आणि आमच्या वॉर्डाचे निवडणूक अधिकारी तुम्हीच होतात, साहेब. अहवाल तुमचा, छाननीही तुमची.

तर असा 'कोणीही नव्हते पक्ष' निघाला. उमेदवार माझा भाऊ. अर्ज मान्य केलात तर तो जिवंत आहे, मग हजर करा. बाद केलात तर कारण लिहावं लागेल: उमेदवार मयत. मग कधी, कुठे, तेही लिहा. दोन्हीकडून एक ओळ मिळणार होती. वहिनीला तेवढीच हवी होती.

अर्ज मी भरला. सध्याचा पत्ता: 'साहेबांना ठाऊक'. सहीच्या चौकोनात तुमच्या अहवालातली दादाची सही कापून चिकटवली. बुडाल्यावर परतीची सही करतो तो माणूस उमेदवारी अर्जावर का नाही करणार? सूचक म्हणून वहिनीने सही केली. पेन इतकं दाबून की कागद फाटला.

प्रचार केला. भाजीबाजाराच्या तोंडाशी खुर्ची मांडायची, खुर्चीवर ड्रम, ड्रमवर टोपी. मास्तर भाषण करायचे. "आमचा उमेदवार पैसे खाणार नाही, त्याला भूकच लागत नाही. पक्ष बदलणार नाही, त्याला हलताच येत नाही."

"अहो, पण उमेदवार बोलत का नाही?" एक जण ओरडला.

"बाकीचे निवडून आल्यावर बोलत नाहीत. आमचा आधीच बोलत नाही. फसवणूक नको!"

लोक पोट धरून हसले. मग आम्ही चाल धरली. मोठ्या ड्रमची जागा मोकळी सोडली होती, नुसता श्वास घेण्याएवढी. तिसऱ्या फेरीला लोकांनी ती जागा पायांनी भरली. शंभर-दीडशे पाय, एकदम. धम्. कोणी सांगितलं नव्हतं. हसणं केव्हा थांबलं ते कळलं नाही. चाल संपली आणि त्यांनी आपणहून पाय आपटले, धम्, धम्. दोन. आम्ही चौघं न ठरवता पुन्हा पहिल्यापासून सुरू झालो. माझा श्वास मध्येच तुटला. क्लॅरिनेट किंचाळलं. लोकांना वाटलं तोही विनोदच.

घरी जाताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, दोनाला एवढं काय दचकलात?"

"क्लॅरिनेटची रीड फाटली होती," मी म्हणालो.

छाननीच्या दिवशी ड्रम तुमच्या कचेरीचा जिना चढवला. शिपाई म्हणाला, "वाद्यं बाहेर ठेवा."

"वाद्य नाही, उमेदवार आहे," मास्तर म्हणाले.

तुम्ही अर्ज वाचलात. चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा वाचलात. "ही सही चिकटवलेली आहे."

"तुमच्या अहवालातली आहे," मी म्हणालो. "तुम्ही खरी मानलेली. आता खोटी म्हणत असाल तर तसं लिहून द्या."

मागच्या बाकावरचे दोन उमेदवार फिसकन हसले. तुम्ही हसला नाहीत. "हा माणूस बेपत्ता आहे."

"तुमच्या नोंदीप्रमाणे सहा दहाला सही करून घरी गेलाय."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. आवाज खाली आणलात, समजावणीचा. मला त्या आवाजाची भीती होती. "हे बघा, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तो तराफ्यावर होता याला पुरावा काय? तो सगळ्यात मागे उभा असायचा, असं तुम्हीच जबाबात म्हटलंय. तुम्ही चौघं पुढे तोंड करून वाजवत होतात. फोटोत तो नाही. त्याला तिथं कोणी बघितलं?"

कोणीच बघितलं नव्हतं. मास्तर खाली बघायला लागले. वहिनी माझ्याकडे बघत होती. अकरा महिने जे मी तिच्यापासून लपवलं होतं, तेवढाच पुरावा उरला होता.

"बघितलं नाही," मी म्हणालो. "ऐकलं."

"काय ऐकलं?"

"दोन ठोके."

मग मी सांगितलं. चाल संपत आली होती. दोर सुटलेला तराफा धारेला लागून मागच्या बाजूने खचत होता, पाणी आधी दादाच्या बुटांपाशी आलं असणार. त्याने ठोके दिले. मी दोन ऐकले. दोन म्हणजे पुन्हा. पहिला सूर माझा असतो, मी धरला की बाकीचे धरतात. मी धरला. एक पूर्ण फेरी आम्ही वाजवली, साहेब. मागे वळलो नाही. तो थांबा म्हणत होता. तिसरा ठोका द्यायला त्याचा हात पाण्यावर राहिला नव्हता. मी थांबलो असतो, वळलो असतो, तर पट्ट्याचं बकल काढायला दोन क्षण लागतात. ते दोन क्षण मी वाजवण्यात घालवले. कोणी नसलेल्या तराफ्यावर ठोके कोण देत होतं? मी कुणाच्या सांगण्यावरून पुन्हा सुरू झालो?

वहिनीने माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलाजवळ गेली आणि तुम्हाला म्हणाली, "ऐकलंत ना? आता लिहा."

तुम्ही शिक्का उचललात. मूळ अर्जावर 'मिळाला', धम्. नकलेवर 'मिळाला', धम्. कोपऱ्यातलं कातडं गुणगुणलं. ते तुम्हीही ऐकलंत, तुमची मान तिकडे वळली होती. तिसरा शिक्का मान्य किंवा बाद असा मारायचा होता. तुमचा हात वर गेला आणि वरच राहिला. मग तुम्ही तो शिक्का हळूच डबीत ठेवलात, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसा. "निर्णय राखीव."

जिना उतरताना ड्रमचा एक पट्टा वहिनीने धरला, एक मी. खालच्या पायरीवर ती थांबली. मग म्हणाली, "अकरा महिने माझ्याकडे जेवत होतात तुम्ही." एवढंच. त्यानंतर तिने मला जेवायला बोलावलेलं नाही. तक्रार नाही माझी.

निवडणूक झाली. मतपत्रिकेवर सहाव्या क्रमांकापुढे, दादाच्या नावाच्या जागी, तुम्ही कोरी ओळ छापलीत. नाव नाही, चिन्ह नाही, रेघासुद्धा पुसट. मतमोजणीला मी जाळीच्या मागे उभा होतो. कोऱ्या ओळीवर शिक्का मारलेल्या मतपत्रिका एकामागून एक निघत होत्या आणि तुमची माणसं त्या 'अवैध'च्या पेटीत टाकत होती. पेटी भरली, दुसरी आणली. तुम्ही तिकडे एकदाही बघितलं नाहीत.

हे पत्र मी वर्तमानपत्रालाही देतोय. पक्ष बंद केलेला नाही. रोज चार वाजता तुमच्या कचेरीच्या खिडकीखाली आम्ही तीच चाल वाजवतो. शेवटी ड्रमवर दोन ठोके मी देतो आणि हात वर धरून थांबतो. तुम्ही पडदा ओढून घेता, तो हलताना दिसतो मला. तिसरा ठोका माझा नाही, साहेब. तो तुमच्या डबीत आहे.

शाळेतला रकाना अजून कोरा आहे. एका शब्दात उत्तर द्या, खाली सही करा, तुमची स्वतःची: माझा भाऊ त्या तराफ्यावर होता, की नव्हता?